झोपवलेल्या ओळी

व्हिडिओ गेमवर माझ्या भाऊजींइतका जीव टाकणारा आणि तरीही गेम न खेळणारा माणूस पृथ्वीच्या पाठीवर दुसरा नसेल. कुडव्याला त्यांच्या घरी टीव्हीमागे तळहाताएवढा कॉम्प्युटर आहे, त्यात आमच्या तरुणपणीचे सगळे खेळ भरलेले आहेत. ते खेळ कसे चालावेत हे ठरवणारी सेटिंगची फाइल भाऊजी रोज आंघोळीनंतर उघडतात, एखादा आकडा बदलतात, खेळातला माणूस भिंतीवरून उडी मारतो का ते पाहतात आणि टीव्ही बंद करतात. एकदा मी म्हटलं, पुढे खेळा की. म्हणाले, "उडी मारून राहिला ना तो? मंग झालं." जुनी ओळ मात्र ते कधीच पुसत नाहीत. तिच्यापुढे हॅशची खूण करतात, म्हणजे मशीन ती वगळून पुढे जाते. "ओळ झोपली गा, मेली नाही." फाइलची दुसरी प्रत ठेवणं त्यांना मंजूर नाही, प्रतीमुळे माणूस बेफिकीर होतो म्हणे.

धान कापणीला ते अर्जुनी मोरगावच्या शेतावर गेले आणि घराची किल्ली माझ्याकडे आली. कुंड्यांना पाणी घालून झाल्यावर मला उपकार करायची बुद्धी झाली. फाइल उघडली. चालत्या ओळी चाळीसेक, झोपलेल्या तीनशेच्या वर. मी झोपलेल्या सगळ्या पुसल्या, खेळ चालतो हे तपासलं आणि समाधानाने कुलूप लावलं.

ते परतल्यावर मीच कौतुकाने सांगितलं. भाऊजींनी फाइल वरपासून खालपर्यंत दोनदा पाहिली.

"काऊन पुसलं गा? तुझ्या ताईची बटनं होती त्यात."

लकव्यानंतर ताईचा डावा हातच तेवढा चालायचा. सगळी बटनं त्या एका हाताखाली यावीत म्हणून भाऊजींनी आठवडेच्या आठवडे खपून त्या ओळी लिहिल्या होत्या, आणि ती गेल्यावर खूण करून झोपवल्या होत्या. मी माफी मागितली. "खेळ तं चालून राहिला ना," ते म्हणाले. रागावले असते तर बरं झालं असतं.

तेव्हापासून भाऊजी खेळू लागले आहेत. उजवा हात मांडीखाली दाबून ठेवतात आणि डाव्या हाताने बटनं चाचपतात. मी शेजारी बसतो.

"उडी अंगठ्यावर होती ना?"

"नाही गा. अंगठा दुखे तिचा."

मग ते एक ओळ लिहितात. खेळातला माणूस भिंतीवर आपटून खाली पडतो. भाऊजी त्या ओळीपुढे शांतपणे खूण करतात, नवी लिहायला घेतात. मी माझे दोन्ही हात मांडीवर ठेवून बसतो.