वाल निघेपर्यंतचा डोंगर

पुण्याहून पेणची एसटी पकडली तेव्हा माझ्या पिशवीत पाण्याची बाटली, दोन दशम्या आणि एक संमतीपत्र होतं. संमतीपत्र सुधीरदादाने पाठवलेलं. सुधीरदादा माझा चुलतभाऊ. तो रोह्याला राहतो आणि वाडवडिलांच्या जमिनीचं सगळं तोच बघतो. कासूजवळच्या आमच्या गावात घराण्याच्या नावावर एक डोंगर आहे. आहे म्हणायचं इतकंच, कारण त्याची पश्चिमेची बाजू काही वर्षांपूर्वी दगडखाणीला दिली आणि ती आता संपत आली आहे. खाणवाल्यांना त्याला लागून असलेला दक्षिणेचा उतारही हवा होता. सातबारावरच्या सहा जणांनी सह्या करून दिल्या होत्या, सातवी माझी राहिली होती.

"जन्मभर प्रगतिपुस्तकांवर सह्या केल्यास, ही एक कर आणि मोकळी हो," दादा फोनवर म्हणाला होता.

मी म्हटलं, "वाचल्याशिवाय मी एकाही प्रगतिपुस्तकावर सही केली नाही. डोंगर बघून येते."

खरं सांगायचं तर या उत्तरात तोरा जास्त होता. मी भूगोलाची शिक्षिका होते. रंगीत खडूंनी बेसाल्टचे थर फळ्यावर इतक्यांदा काढले, की झोपेतही काढू शकेन. पण आमचा स्वतःचा डोंगर लग्नानंतर एकदाही धड पाहिला नव्हता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

खोपोलीचा घाट उतरून पेणला पोचले तेव्हा ऊन चढायला लागलं होतं. पौष असूनही हवेत खाडीचा दमटपणा होता. स्टँडसमोर पोह्याचे पापड घेतले, चहा घेतला आणि कासूकडे जाणारी रिक्षा शोधली. चालकाचं नाव काशिनाथ. कानात कापूस घातलेला, त्यामुळे त्याच्याशी जरा मोठ्यानेच बोलावं लागत होतं. वडखळच्या नाक्यावर आम्ही अडकलो. पुढे खडीचे डंपर, मागे खडीचे डंपर, आणि मध्ये आमची रिक्षा.

"एवढी खडी येते कुठून?" मी विचारलं.

"हितल्याच डोंगरांची. उभा डोंगर आडवा केलाय बाई, म्हणजे झाला हायवे."

मी हसले. मग लक्षात आलं की त्या आडव्या डोंगरात थोडासा आमचाही आहे, आणि हसू जरा आवरलं.

काशिनाथ पूर्वी खाडीत डुबी मारायचा (बुडी मारून तळाची रेती घमेल्याने वर आणायची, तिला इकडे डुबी म्हणतात). कान त्यातच गेले. आता रेती खडीच्या कारखान्यातच तयार होते, दगड दळून. खाडीत उतरायचं कारण उरलं नाही.

"मग आता बरं वाटत असेल?"

"कानाला बरं वाटतं," तो म्हणाला. "पोटाला इचारू नका."

खाणीच्या फाटकाशी व्यवस्थापक शेलार माझी वाटच पाहत होते. दादाने फोन करून ठेवला असणार. गृहस्थ अतिशय सभ्य. त्यांनी मला डोक्यावर पिवळं शिरस्त्राण दिलं, चहा दिला आणि सगळं हौसेने दाखवलं. मीही विद्यार्थ्याच्या उत्साहाने प्रश्न विचारले. दगड पायऱ्यापायऱ्यांनी कसा उतरवतात, क्रशरच्या जबड्यात मोठा धोंडा एका बाजूने जातो आणि दुसऱ्या बाजूला चार मापांची खडी वेगवेगळ्या ढिगांत कशी पडते, हे बघताना वेळ कसा गेला कळलं नाही. सगळ्यात शेवटचा ढीग राखाडी पिठाचा होता. तीच ती दळलेली वाळू.

"धंद्याचं पुढे काय?" मी विचारलं.

"मागणीची काळजी नाही, मॅडम. रस्ते, पूल, इमारती, माझ्या हयातीत तरी हे थांबत नाही. दगडही इकडचा ताकदीचा. अडचण जागेची आणि परवानग्यांची. या बाजूचा दगड वर्षभर पुरेल. पुढचा उतार मिळाला तर राहू, नाही तर मशीन उचलून दुसरीकडे लावू."

"आणि कामावरची माणसं?"

शेलारांनी चष्मा पुसला. "माणसं काही मशीनबरोबर उचलून नेता येत नाहीत."

एक वाजता भोंगा झाला. कोणीतरी वाटेवर लाल निशाण धरून उभं राहिलं आणि आम्ही पत्र्याच्या खोलीच्या आडोशाला गेलो. मी कानांवर हात दाबून मोठ्या आवाजाची वाट पाहत होते, पण सुरुंगाचा आवाज बेताचाच आला. हादरा मात्र तळपायांतून वर चढला. धुरळा बसल्यावर शेलार मला खालच्या खड्ड्याच्या कडेला घेऊन गेले आणि मी बघतच राहिले. काळ्या कातळाच्या मध्ये निळंहिरवं, नितळ पाणी होतं. पौषात इतकं पाणी. समोरच्या भिंतीत काळ्या कातळाखाली लालसर मातीचा पट्टा दिसत होता आणि त्याच्या वरून पाणी पाझरत होतं.

"हे आपोआप लागलं," शेलार म्हणाले. "यानेच रस्ते भिजवतो. उन्हाळ्यात गावाला टँकरही देतो."

मी लगेच फोटो काढला आणि दादाला पाठवला. खाली लिहिलं, 'खाणीने गावाला तळं दिलं की रे!' दादाचा अंगठा तत्काळ आला. पिशवीतलं संमतीपत्र तेव्हाच काढलं असतं तर मी तिथे शिरस्त्राणावर ठेवून सही केली असती.

ती राहिली एका चपलेमुळे. खाणीची वाट नुकतीच भिजवलेली होती. दगडाचं पीठ आणि पाणी यांचं जे लापशीसारखं मिश्रण होतं, त्यात माझा पाय घोट्यापर्यंत रुतला. पाय बाहेर आला, पण चपलेचा अंगठा तुटून ती आतच राहिली. शेलारांनी गाडी देऊ केली, पण हिराबाईंचं घर समोरच दिसत होतं. मी उरलेली चप्पल हातात घेऊन अनवाणी निघाले.

हिराबाई आमच्याकडच्या जुन्या कुळांपैकी. पायथ्याची शेती कुळकायद्यात त्यांची झाली, डोंगर आमच्याकडे राहिला. माझ्या वडिलांना, अण्णांना, त्या भाऊ मानायच्या. मला बघून त्यांनी डोळ्यांवर आडवा हात धरला.

"अण्णांची लेक ना गो तू? आणि अनवाणी?" मग एकदम अहोजाहोवर आल्या. "या, बसा ताई. सूनबाई, पाणी आण गो पायावर घालायला."

पाणी येईपर्यंत त्यांनी पोपटी लावायचं ठरवूनही टाकलं होतं (वालाच्या शेंगा मीठ लावून मडक्यात भरायच्या, भांबुर्डीच्या पाल्याने तोंड बंद करायचं आणि मडकं उपडं करून भोवती जाळ करायचा). "ही रातची मजा, पण पाव्हणी आली तर दिवसा लावायला काय हरकत नाय," म्हणाल्या. शेंगा तोडायला आम्ही दोघी शेतात गेलो. मी तशीच अनवाणी.

खाणीखालच्या शेतातून जाताना पाय भाजत होते. ढेकळं टोचत होती. वालाची खुरटी झाडं पिठात घोळल्यासारखी पांढरी, शेंगा नाहीतच. बांध ओलांडून दक्षिणेच्या उताराखालच्या शेतात पाऊल टाकलं आणि मी थांबले. माती गार होती. इथला वाल गुडघ्याला लागत होता, शेंगांनी लवलेला.

"पायाला कळलं नव्हं?" हिराबाई म्हणाल्या. "आता हाताला बघा."

त्या परत बांधापलीकडे गेल्या, विळ्याने वीतभर उकरून मूठभर माती घेतली आणि दाबली. मूठ उघडल्याबरोबर माती बोटांतून सांडली. मग अलीकडच्या शेतात तेवढंच उकरलं, तशीच मूठ दाबली, आणि झालेला मातीचा लाडू त्यांनी माझ्याकडे टाकला. मी तो झेलला. तो फुटला नाही.

"वाल पेरायच्या आधी असा लाडू करून बघायचा," त्या सांगू लागल्या. "टिकला तर पेरायचं. वालाला पाऊस नाय, पाट नाय. भात निघाल्यावर जमिनीत जी ओल ऱ्हाते तेवढ्यावरच येतो. ही ओल डोंगर देतो, हळूहळू. तिकडच्या शेतात लाडू होत नाय आता. तरी मी दोन ओळी टाकते, जमिनीला सवय मोडू नाय म्हणून."

"पण वर तर केवढं पाणी आहे," मी म्हटलं. "तळंच झालंय. मी फोटोसुद्धा काढला."

हिराबाईंनी माझ्याकडे जरा दयेने पाहिलं. "ते हितलंच हाय ताई. पूर्वी मातीच्या आतून खाली यायचं. आता डोंगर फोडला तिथंच भाईर पडतं."

मला फार लाज वाटली. भेगांतून उतरणारं पाणी लाल मातीच्या थरावर अडतं आणि त्यावरून आडवं वाहत पायथ्याला येतं, हे मी वर्गावर वर्ग शिकवलं होतं. तो लाल पट्टा तासाभरापूर्वी डोळ्यांसमोर होता, आणि मला तो एक सुंदर देखावा वाटला. बाईंनीच पेपरात शून्य मिळवावं अशातली गत.

पोपटीचं मडकं फोडलं तेव्हा उन्हं कलायला लागली होती. शेंगांना धूर आणि पाल्याचा वास होता. सोलायच्या आणि खायच्या, बोलायचं काम नाही. तरी मी बोललेच. पिशवीतलं संमतीपत्र काढून दाखवलं.

"म्हणजे मी यावर सही करू नये, असंच ना?"

हिराबाई टरफलं गोळा करत राहिल्या. "तसं मी म्हणलं नाय."

"मग?"

"रमेश माझा त्यांच्याकडंच डंपरवर हाय. सकाळची शिफ्ट. दोन नातवंडांच्या शाळा त्याच्यावर. खाण उठली का तो घरी बसला." त्यांनी टरफलं चुलीत टाकली. "सही करा म्हणलं तर शेत जातं, नको म्हणलं तर पोराचं काम. दोन्हीकडनं माझंच जातं. डोंगर तुमचा हाय ताई, मला इचारून माझ्या गळ्यात घालू नका."

हे रागाने म्हटलेलं नव्हतं, म्हणूनच जास्त लागलं. मग त्याच म्हणाल्या, "एक करा. उभ्या पिकात मशीन आणू नका. वाल निघेपर्यंत थांबा. निघाले का मी सांगते. मग तुमचं तुम्ही ठरवा."

"तुमचा फोन येईपर्यंत सही करणार नाही," मी म्हटलं. "शब्द देते."

निघताना सुनेच्या चपला आणि शेंगांची पिशवी मिळाली. कासू स्टेशनावरून संध्याकाळची पॅसेंजर धरून रोह्याला उतरले. दादा न्यायला आला होता. वहिनींनी शेंगा लगेच कामाला लावल्या आणि दादाने विषय काढला.

"तळ्याचा फोटो झकास होता. मग, सही?"

मी सगळं सांगितलं. लाडवाचं, लाल पट्ट्याचं, रमेशचं. दादा काही वाईट माणूस नाही. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुझी पुण्यातली इमारत कशाची आहे गं? आज ज्या रस्त्याने आलीस तो कशाचा?"

मी वहिनींच्या ताटातल्या शेंगा सोलायला घेतल्या.

"उभं पीक आहे म्हणतेस तर थांबू," तो शेवटी म्हणाला. "शिमग्यापर्यंत वाल निघतातच. कळव मग."

दुसऱ्या दिवशी ताम्हिणीतून पुण्याला परतताना मी खिडकीतून कापलेले डोंगर बघत होते. जाताना खोपोलीच्या घाटातले डोंगर फळ्यावरच्या आकृतीसारखे दिसले होते. येताना प्रत्येक कापलेल्या भिंतीत मी लाल पट्टा शोधत होते आणि त्याच्या खाली कोणाचं शेत आहे का ते बघत होते.

शिमगा झाला. फोन आला नाही, म्हणून मीच केला.

"व्हय, काढले ना वाल," हिराबाई म्हणाल्या. "बांधाकडचा एक वाफा तेवढा ऱ्हायलाय."

पाडव्याला पुन्हा केला. वाफा होताच. मी विचारलं, अजून हिरवा आहे का?

"नाय, वाळला कधीच. बियाण्याला ठेवलाय. वारा लागू दे जरा."

"रमेश?"

"जातो कामावर. खालचा दगड हाय अजून."

मग मी विचारायचं सोडून दिलं. आता अक्षय तृतीया होऊन गेली आहे. संमतीपत्र कपाटात आहे. काल दादाचा फोन आला. आवाज चढलेला होता.

"जन्मभर भूगोल शिकवलास ना? वैशाखात कुठे गं वाल उभे असतात?"

"हिराबाईंच्या शेतात," मी म्हटलं. "निघाले की त्या सांगणार आहेत."