लेटरहेडवर न आलेला अहवाल

मी विद्यापीठात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. पाण्यातले जंतू कसे ओळखायचे यावर आमच्याकडे परीक्षेत हमखास प्रश्न असतो. त्याचं उत्तर एखादी विद्यार्थिनी खरोखर वापरायला निघाली तर काय होतं, ते मला दोन वर्षांपूर्वी कळलं.

ती एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होती. यवतमाळकडची, नदीपलीकडच्या एका दाट वस्तीत मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहायची. एका सकाळी ती नळाचं पाणी बाटलीत भरून घेऊन आली.

"मॅडम, आमच्या गल्लीत घरोघरी कावीळ आहे. पाण्याला वास येतो. तपासू का?"

आम्ही तपासलं. पाण्यात मैल्यातले जंतू होते, तेही भरपूर. मी अहवाल लिहिला आणि सहीसाठी विभागप्रमुखांकडे नेला.

"हे कोणी मागितलं होतं?" त्यांनी विचारलं.

"कोणीच नाही, सर. पण लोक तेच पाणी पितायत."

"अहो, आपण शिकवायचं. रोगाच्या साथी शोधायला सरकारी खाती आहेत. आपल्या लेटरहेडवर हे गेलं, तर उद्या उत्तरं कोण देणार?"

मग साध्या कागदावर तोच मजकूर लिहून मी वॉर्ड ऑफिसात गेले. तिथल्या साहेबांनी तो एका बोटाने माझ्याकडे परत सरकवला. "लेटरहेडवर आणा. असं काय, कोणीही लिहून आणेल."

मी कागद घेऊन जिना उतरले. आमच्या प्रयोगशाळेत उत्तम यंत्रं आहेत. पाहुणे आले की त्यांच्यावरची प्लास्टिकची कव्हरं निघतात, पाहुणे गेले की पुन्हा चढतात. आणि चार किलोमीटरवर माणसं पिवळी पडत होती.

दुसऱ्या दिवशी वर्गात मी घडलं ते सगळं सांगून टाकलं. मुलांनीच मार्ग काढला. तपासणीची पावडर घातलेल्या छोट्या बाटल्या त्यांनी घरोघरी दिल्या. त्यात नळाचं पाणी भरून ठेवायचं. पाणी घाण असेल तर ते दीड-दोन दिवसांत काळं पडतं. शिवाय पाणी उकळून प्या, असं प्रत्येक दारात सांगितलं. दोन दिवसांनी गल्लीतल्या जवळपास सगळ्या बाटल्या काळ्या होत्या. बायकांनी त्या पिशव्यांत भरल्या, वॉर्ड ऑफिसात नेल्या आणि त्याच साहेबांच्या टेबलावर ओळीने मांडल्या.

"याला कुठलं लेटरहेड लागतं, साहेब?" एका आजींनी विचारलं.

त्याच आठवड्यात गल्ली खोदली गेली. पाण्याचा पाइप गंजला होता आणि शेजारीच ड्रेनेजची लाइन फुटलेली होती.

वर्षअखेरीस विद्यापीठाच्या गुळगुळीत अहवालात या कामाला पूर्ण पान मिळालं. 'समाजाभिमुख संशोधन' असा मथळा, आणि फोटोत हातात काळी बाटली धरून विभागप्रमुख. त्या गल्लीत त्यांनी कधी पाऊल ठेवलं नव्हतं.

तेही मी गिळलं असतं. पण दारोदार फिरता फिरता त्या मुलीलाच कावीळ झाली होती. ती महिनाभर गावी पडून राहिली आणि परत आली तेव्हा हजेरी कमी म्हणून तिला परीक्षेला बसू दिलं नाही. मी अर्ज केले, परीक्षा विभागात जाऊन भांडले.

"नियम सगळ्यांना सारखा असतो, मॅडम."

"मग तिच्या कामाचा फोटो का छापलात?"

अर्ज नामंजूर झाले. तिचं एक सत्र गेलं. पुढच्या वर्षी ती पास झाली, चांगल्या गुणांनी. मला भेटायला आली तेव्हा ती हसत होती. मला मात्र हसता आलं नाही.

आता माझे विद्यार्थी दर सत्रात आपापल्या वस्तीतलं पाणी तपासतात. अहवालावर मी माझ्या नावाने सही करते आणि तो वॉर्ड ऑफिसात स्वतः नेऊन देते, पोच घेतल्याशिवाय हलत नाही. कोणाच्या परवानगीने हे चालतं, असं विभागाने मला लेखी विचारलंय. उत्तर मी अजून दिलेलं नाही, देणारही नाही.