ओळ थांबू द्या

बाबांना झटका आला आणि त्यांची हिंदी गेली. उजवा हात आणि बोलणं, दोन्ही परत यायला वेळ लागेल असं डॉक्टर म्हणाले होते. हात फारसा आलाच नाही. बोलणं आलं, पण फक्त मराठी. भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये क्रेनवर बसून सगळी नोकरी ज्या भाषेत केली, ती त्यांच्या तोंडून नाहीशी झाली. कोणी हिंदीत बोललं तर त्यांना कळायचं. उत्तर मात्र भंडाऱ्याकडच्या मराठीत द्यायचे, तेही अडखळत, एकेक शब्द शोधून.

त्यांच्याबरोबर प्लांटमध्ये असलेले एक छत्तीसगढी काका कुरुदहून स्कूटरवर भेटायला येत. आधी दोघांच्या गप्पा संपायच्या नाहीत. आता काका बोलत, बाबा मान हलवत, आणि मग दोघंही चहाचे कप हातात घेऊन गप्प बसत. काकांचं येणं हळूहळू कमी झालं. बाबांच्या ते लक्षात आलं होतं. एकदा दाराकडे बघत म्हणाले, "त्याचं... काही चुकलं नाही."

दुर्गच्या दवाखान्यात बोलण्याचे व्यायाम शिकवणाऱ्या मॅडम होत्या. जी भाषा येते तीच वाढवा, असं त्यांनी मला समजावलं. रोज छोटी छोटी वाक्यं मोठ्यानं वाचून घ्या, म्हणाल्या. पण आमच्या घरी मराठी वाचायला होतं काय? आईच्या देव्हाऱ्यातल्या पोथ्या. त्यांतली लांबच लांब वाक्यं वाचताना बाबा अर्ध्यात थकून जायचे आणि मग चिडायचे.

मी सिविक सेंटरमधल्या एका ऑफिसात हिशेबाचं काम करते. लॅपटॉप उघडला की माझं होमपेज यायचं. त्यावर हवामान, कॅलेंडर आणि कोपऱ्यात बातम्यांच्या मथळ्यांचा एक चौकोन. हवी ती भाषा आणि हवा तो जिल्हा निवडता येत होता. मी मराठी निवडली आणि भंडारा टाकलं. 'धान खरेदी केंद्रांवर गर्दी.' 'तलावाची पाळ फुटली.' बाबांना झेपतील एवढीच वाक्यं होती, आणि सगळी त्यांच्या ओळखीच्या मुलुखातली. ऑफिसला निघण्याआधी मी अक्षरं मोठी करून लॅपटॉप त्यांच्यापुढे ठेवू लागले. ऑफिसात दुसरा कॉम्प्युटर होताच.

अडचण एकच होती. चौकोनातली ओळ थोडा वेळ दिसायची आणि वर सरकून जायची, तिच्या जागी दुसरी यायची. बाबा "धान... खरेदी..." पर्यंत पोचायचे आणि ओळ निघून जायची. मग ते नवी ओळ धरायचे, तीही जायची. एका सकाळी त्यांनी डाव्या हातानं लॅपटॉप दूर लोटला.

"जाऊन राह्यली," ते म्हणाले. "मले... वाचू देत नाही."

मी ओळी थांबवायची सोय खूप शोधली. सापडली नाही. चौकोनाच्या खाली 'तुमचं मत कळवा' असं बारीक अक्षरात लिहिलेलं होतं. तिथे मी इंग्रजीत लिहायला सुरुवात केली, की माझे वडील आजारी आहेत, वगैरे. बाबांनी विचारलं काय लिहिते. मी सांगितलं. त्यांना ते पटलं नाही. बराच वेळ ओठ हलत राहिले, मग म्हणाले, "बातम्या मराठीत देते ना ते? मग मराठीत सांग." आणि शब्द जुळवत जुळवत त्यांनी मला जे सांगितलं, तेवढंच मी लिहिलं: 'ओळ थांबू द्या. माणूस वाचून राहिला आहे.'

पाठवण्याआधी त्यांनी ते स्वतः वाचलं. त्या रकान्यात काही सरकत नव्हतं, त्यामुळे शेवटच्या शब्दापर्यंत पोचले. त्या दिवशी दुपारी ते नीट जेवले.

कंपनीकडून लगेच एक ठरावीक उत्तर आलं, आभार मानणारं. पुढे काही झालं नाही.

उपाय सापडला तो आईच्या हातून. लॅपटॉप पुसताना तिचा हात माउसवर राहिला, बाण त्या चौकोनावर जाऊन बसला आणि ओळ जागच्या जागी थांबली. तिनं हात काढला नाही. बाबांनी ती ओळ पूर्ण वाचली. मग आईनं बाण बाजूला केला, दुसरी ओळ आली, तिनं पुन्हा धरली. तेव्हापासून तेच सुरू झालं. मी चप्पल घालत असताना दोघं शेजारी शेजारी बसलेले दिसत, बाबा वाचतायत आणि आई त्यांच्यासाठी ओळ धरून बसली आहे. आईला अक्षरओळख जेमतेम. ती पडद्याकडे बघतच नसे, त्यांच्या ओठांकडे बघायची. थंडीभर असं चाललं. बाबा आता चार-पाच शब्द सलग बोलत होते. एकदा बातमीत त्यांच्या शाळेचं गाव आलं, तर संध्याकाळी मला त्या गावाच्या बाजाराबद्दल सांगत बसले.

उन्हाळा लागायच्या सुमारास, एका सकाळी, वाचता वाचता ते एका शब्दावर थांबले. शब्द शोधायला त्यांना नेहमीच वेळ लागायचा. आईनं माउस तसाच धरून ठेवला आणि वाट पाहिली. ती कधी घाई करायची नाही. बऱ्याच वेळानं त्यांचं डोकं खुर्चीच्या पाठीवर कललं, तेव्हा तिला कळलं.

मी ऑफिसातून थेट दवाखान्यात गेले. दुसरा झटका होता. त्यानंतर बाबा बोलले नाहीत, आणि त्या आठवड्यातच गेले.

भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला आई एकच सांगायची, "मले वाटलं, शब्द शोधून राह्यले." तेवढा वेळ वाया गेला नसता तरी काही फरक पडला नसता, असं डॉक्टरांनी मला सांगितलं होतं. मी ते तिला पुन्हा पुन्हा सांगितलं. ती ऐकून घ्यायची आणि दुसरं माणूस आलं की परत तेच सांगायची. कुरुदचे काकाही आले. ते हिंदीत काहीतरी म्हणायला लागले आणि वाक्य अर्धंच सोडून स्कूटरकडे वळले.

पावसाळ्यात कंपनीची मेल आली. या वेळी कुणीतरी माणसानं लिहिली होती, मराठीत. ओळी आता आपोआप सरकणार नाहीत, वाचणाऱ्यानं पुढे नेल्या तरच जातील. आपल्याला हे सोयीचं वाटतं का, कळवा. मी उत्तर लिहिलं, की बदल चांगला आहे, ज्यांनी सांगितलं होतं ते आता नाहीत. आईला सांगावं की नाही ते कळेना. शेवटी सांगितलं.

"म्हणजे आता धरून बसा लागत नाही?" तिनं विचारलं.

"नाही."

ती उठून अंगणातले कपडे काढायला गेली.

दिवाळीनंतर गोंदियाची मावशी येऊन तिला घेऊन गेली. तिथे शेजारपाजार सगळा मराठी आहे, आईला बरं वाटतं. मी भिलाईतच आहे. ऑफिसात हिंदी, ऑटोवाल्याशी हिंदी, दुकानात हिंदी. कधी कधी दिवसभरात मराठीचा एक शब्द तोंडून निघत नाही. संध्याकाळी आईचा फोन येतो. "जेवली का, बाई?" ती विचारते, आणि माझ्या तोंडून निघून जातं, "हाँ, खा लिया." "जेवली ना, बरं झालं," ती म्हणते. मग मावशीकडे भाजी कसली केली ते सांगायला लागते.