वानवळ्यातला दात

अंकुश गेल्याचा वहिनींचा फोन आला आणि मी नेकनूरला पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. महिना उलटून गेला, तरी मला अंकुशचा राग येतो... आधी जायची पाळी त्याची नव्हती.

अंकुश माझा शाळेपासूनचा मित्र, पोकलेन चालवायचा. चंद्रपूरकडे तळं खोदताना त्याला दगड झालेली हाडं सापडली. ती मोठ्या मांसाहारी डायनासोरची होती, हे खूप नंतर कळलं. दर खेपेला तो थोडी गोळा करून आणायचा आणि शेतातला हरभरा, हुरडा द्यावा तसा घरोघर त्यांचा वानवळा वाटायचा. पाटोद्याच्या बहिणीला मणका, तलवाड्याच्या साडूला बरगडी. चांगली वस्तू एकट्याने ठेवून घेणं त्याला जमायचंच नाही. माझ्या हृदयाचं ऑपरेशन झालं तेव्हा दवाखान्यात येऊन त्याने उशाशी एक दात ठेवला, बोटाएवढा, कडेला करवतीसारखी धार असलेला. म्हणाला, "लई वर्षं टिकलाय बे ह्यो. तू बी टिक, दत्तू."

पुढे हाडांच्या जाणकार एक बाई नागपूरहून आल्या. अंकुशच्या घरी उरलेला जबडा बघून हरखल्या. "सगळं एकाच प्राण्याचं दिसतंय. बाकीचं कुठंय?" अंकुश खाली बघत म्हणाला, "वाटलं." सगळं जुळलं तर अख्खं जनावर उभं करता येईल, असं त्या म्हणाल्या, आणि तेव्हापासून अंकुश दिलेला वानवळा परत मागत हिंडू लागला. आमच्याकडे याइतकं लाजिरवाणं काम दुसरं नाही. कुणी हसलं, कुणी देव्हाऱ्यातून काढून दिलं. बरगडी घराच्या पायाभरणीत गेली होती. माझ्याकडे मात्र तो आला नाही. मी दात आणतो म्हटलं, की म्हणायचा, "असू दे. तुझी तब्येत कशी हाय?"

परवा डब्यात घालून दात नेऊन दिला. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, ह्यो नगं. ते म्हणायचे, समदं मागीन, पण त्येवढा न्हाई. दत्तूचा जीव हाय त्याच्यावर." मी ऐकलं नाही. कोनाड्यातल्या जबड्याच्या रिकाम्या खाचेत तो बसवला. अगदी नेमका बसला, आणि मला रडू आवरेना. मी तोंड धुवायला मोरीवर गेलो.

डबा रिकामा परत देऊ नये म्हणून वहिनींनी त्यात ज्वारी भरून दिली. घरी येऊन ताटात ओतली, तर दाण्यांबरोबर दात खाली आला. पुढच्या महिन्यात बाई सगळं न्यायला येणार आहेत. जबडा त्या रिकाम्या खाचेसकट जाईल.