खाणीचा दवाखाना आणि माझी धानगिरणी

पन्नास सालानंतरची गोष्ट. चांदा जिल्ह्यात, कोळसा खाणीपासून कोसभरावर, माझी धान कांडायची गिरणी होती. एक तेलाचं इंजिन आणि चार माणसं. पण इंजिन कळायचं एकालाच. इंजिनाचं डोकं दिव्यानं लालभडक तापवायचं, मग चाकाला नेमका उलटा हिसका द्यायचा. चुकला की हात मोडलाच. मला ते काही साधलं नाही.

खाणीवाल्यांनी त्या इंजिनवाल्याला दोनदा बोलावलं. गेला नाही. म्हणायचा, "भाऊ, तिथी सायबाच्या शिव्या कोण खाते?" माझ्या बऱ्या चालायच्या त्याला!

एका सकाळी त्याची बायको अडली. सुईण बाहेर येऊन म्हणाली, "पोर आडवं हाय. मले नाई जमत." बैलगाडीत घालून आम्ही तिला गावातल्या जनपद सभेच्या, म्हणजे तालुका बोर्डाच्या, दवाखान्यात नेलं. तिथं डॉक्टरच नाही. कंपाउंडर हात जोडून म्हणाला, "जनपदाजवळ डॉक्टर ठेवाले पैसा नाई, भाऊ. खाणीवर न्या."

खाणीच्या दवाखान्याच्या फाटकावर कारकुनानं अडवलं. "माणूस आमच्या हजेरीवर आहे का?"

दवाखान्याचा खर्च कंपनीचा, म्हणून इलाजही कंपनीच्याच माणसांचा. असा नियम. माझं डोकं फिरलं. "मग मी काय चार माणसांसाठी दवाखाना बांधू?" ओरडलो मी.

गाडीतलं कण्हणं थांबलं. इंजिनवाला नुसता माझ्याकडे बघत होता. त्याला काय हवंय ते मला कळत होतं, आणि मेला तोंडानं मागेना.

"याला कामावर घ्या," मी म्हणालो. "तुमच्या इंजिनघराच्या साहेबाला विचारा. त्यानंच बोलावलं होतं."

कारकून आत गेला. मी बैलाची वेसण घट्ट धरून उभा, जीव नुसता टांगलेला. शेवटी साहेब आला, त्यानं माणूस ओळखला. "उद्यापासून येतोस?"

"आजपासून," मीच म्हणालो. हजेरीवर नाव चढलं, तेव्हा कुठं फाटक उघडलं.

बाई वाचली. पोरगी झाली, तीही धडधाकट. संध्याकाळी तो बाहेर आला आणि माझ्या पायाशी वाकला. मी खेकसलो, "ऊठ! काऊन रडतोस? पोरगी झाली ना?"

"भाऊ, मले सकाळच्या पाळीत लावलं. आता गिरणीचं इंजिन कोण चालू करते?" एवढंच म्हणाला तो. मग मलाही रडू आवरेना.

दुसऱ्या दिवशी धानाच्या गाड्या आल्या. त्या मी दारातूनच परत लावल्या, आणि पुढं इंजिन विकून टाकलं.