रिठातला आवाज

लग्न होऊन मी या गावात आले तेव्हा मला चारचौघांत बोलायची फार भीती वाटायची. चौथीपर्यंत शाळा झाली, मग घरकाम, मग लग्न. सासरी कोणी काही विचारलं की मी नुसती मान हलवायची. आमचे हे मात्र उलटे. हे म्हणजे माझे मालक. त्यांचं नाव मी तोंडाने घेत नाही, कागदावरही लिहिणार नाही.

बाजाराच्या दिवशी हे मला गाडीवर मागे बसवून संग्रामपूरला न्यायचे. भाजी घ्यायची, गरम भजे खायचे आणि परत यायचं, एवढंच आमचं फिरणं. रस्ताभर हेच बोलायचे. कोणाच्या संत्र्याला बहर आला, कोणाच्या म्हशीने कोणाला पाडलं. मी मागून म्हणायची, "हाव." म्हणजे हो, एवढंच.

"माही गाडी पेट्रोलवर चालतच नाही व," हे म्हणायचे. "तुह्या हाववर चालते. एखाद दिवशी बंद झाली तं बंदच पडन."

मी पदरात तोंड घालून हसायची. हसताना आवाज झाला की मला लाज वाटायची.

आमचं वावर रिठात आहे. रीठ म्हणजे जिथे आधी गाव होतं आणि आता नाही ती जागा. ते गाव का उठलं हे कोणालाच नीट सांगता येत नाही. चिंचेची दोन झाडं, शेंदूर लावलेला एक दगड आणि नांगराला लागणारे भिंतींचे दगड, एवढंच उरलं आहे. वावराच्या वरच्या अंगाला सातपुडा दिसतो. तिकडून रानडुकरं उतरतात म्हणून आता फार कोणी ज्वारी पेरत नाही. पण यांना हुरड्याची हौस. थोडी तरी ज्वारी पेरायचेच.

डुकरांसाठी वावराच्या चारी बाजूंनी आम्ही जुन्या साड्या बांधायचो. गावातल्या बायकांकडून मागून आणलेल्या, माझ्याही दोन. संध्याकाळचा वारा आला की त्या फुगायच्या आणि लांबून वाटायचं, बायका कमरेएवढ्या ज्वारीत रांगेने उभ्या आहेत. त्यात एक हिरवी साडी शेजारच्या काकूंची होती. त्या दिवाळीच्या आधी वारल्या. साडी दिसली की मी धुऱ्याची, म्हणजे बांधाची, दुसरी बाजू धरायची.

रिठाची एक रीत आहे. तिथे मोठ्याने कोणाला हाक मारायची नाही, आणि निघताना स्वतःलाच म्हणायचं, "चाल घरी." सासूबाईंनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. माणूस घरी येतो पण त्याचं काहीतरी तिथे राहून जातं, असं त्या म्हणायच्या. काय राहतं ते सांगायच्या नाहीत. मी न चुकता हळूच म्हणायची. ते ऐकून हे म्हणायचे, "दोनदा म्हन, माहंही म्हनून घे."

त्या वर्षी साड्यांना डुकरं भीत नव्हती. मग यांनी भोंगा आणला. सोलरच्या प्लेटवर चालणारा, आत एक कार्ड, त्यात जो आवाज भराल तो थोड्या थोड्या वेळाने ओरडत राहतो. दुकानदाराने त्यात कुत्र्याचं भुंकणं भरून दिलं होतं. हे म्हणाले, "कुत्रे तं डुकरायले रोजच भेटतात. मानसाचा आवाज पाह्यजे."

दुपारी अंगणात बसून यांनी आवाज भरला. मशीन माझ्या हातात दिलं, स्वतः लांब उभे राहिले आणि छाती फुगवून ओरडले, "हाट्! हाट्! कोन हाय रे? आलो, आलो!" गोठ्यातली गाय दावं तोडते की काय अशी दचकली. मला हसू आवरलं नाही. मशीन हातातच होतं. माझं हसू त्यात गेलं.

"पुसा ना ते," मी म्हटलं.

"काऊन पुसू? डुकरं म्हनतील, नवरा बायको दोघंही आले."

सासूबाई दारातून पाहत होत्या. "रिठात आवाज सोडून येऊन राह्यला का बे तू?" त्या यांना म्हणाल्या. "तू घरी, अन् तुहा आवाज तिथं. असं करू नये बापा."

"मशीन हाय ते, माय."

"मशीन हाय. पन आवाज तं तुहाच हाय ना."

त्या दिवसापासून संध्याकाळी वारा वरून आला की गावापर्यंत ऐकू यायचं. आधी हे ओरडायचे, मग मी हसायची. हे माझ्या शेजारी पाटावर जेवत बसलेले, आणि तिकडून अंधारातून यांचाच आवाज विचारतो आहे, कोन हाय रे? हातपंपावर बायका मला म्हणायच्या, "तू तं गावात तोंड उघडत नाही व, अन् रिठात जाऊन खिदळतं." मी खाली मान घालून हंडा उचलायची. पण मनात सासूबाईंचं बोलणं बसलं होतं. यांना कधी उशीर झाला, गाडी कुठे अडकली, की मला वाटायचं, आवाज तिकडे आहे आणि माणूस भलतीकडे. यांना काही होणार तर नाही?

हुरडा भरात आला तेव्हा भोंगा बंद पडला. दोन दिवस रीठ गप्प होतं. पाखरांनी वरच्या अंगाची कणसं टिपून टाकली. तिसऱ्या दिवशी सकाळचं आवरून आम्ही दोघं वावरात गेलो. मी शेंगदाण्याची चटणी, गूळ आणि वांग्याचं भरीत बांधून घेतलं होतं. दीर मागाहून येतो म्हणाले होते. यांनी धुऱ्यावर खड्डा करून गोवऱ्या पेटवून दिल्या, कणसं तोडून दिली आणि म्हणाले, "तू भाज, मी ते मशीन पाहून येतो." मचाण वावराच्या मधोमध होतं. भोंगा त्याच्या वर, लाकडाच्या बल्लीला बांधलेला. हे ज्वारीत शिरले. ताटं डोक्याच्या वर होती. थोडा वेळ शेंडे हलताना दिसले, मग तेही थांबले.

मी कणसं भाजत बसले. गरम कणीस हातावर चोळायचं, फुंकर मारायची, हिरवे दाणे ताटलीत टाकायचे. तिकडून यांचा आवाज आला, "हाट्! हाट्!" मशीन तर बंद होतं. मला वाटलं, पाखरं हाकलून राहिले. वारा माझ्याकडून तिकडे होता, त्यामुळे पुढचं नीट ऐकू आलं नाही.

ताटली भरली. हुरडा थंड झाला की चामट होतो. रिठात हाक मारायची नाही हे माहीत होतं, तरी मी जरा आवाज काढून म्हटलं, "अहो, या ना. थंडा होऊन राह्यला."

तिकडून आवाज आला, "आलो, आलो!"

मी दुसरी कणसं निखाऱ्यात सारली. हे काही आले नाहीत. काहीतरी खुडबुड करत असतील. पुन्हा तोच आवाज आला, "कोन हाय रे? आलो, आलो!" मला वाटलं, माझी मजा करून राहिले. मी म्हटलं, "मीच हाय, आनखी कोन रायते?" आणि ताटलीवर फडकं झाकून निवांत वाट पाहत बसले. आवाज येतो आहे म्हणजे माणूस बरा आहे, असंच मी धरून चालले होते.

मग वारा पडला. साड्या सगळ्या खाली लोंबल्या. ज्वारीचं एक पान हलेना. तिकडून यांचा आवाज पुन्हा आला, आधीच्याच सुरात, आधीसारखाच थांबून थांबून. आणि त्याच्या पाठोपाठ मी हसले.

मी धुऱ्यावर तोंड मिटून बसलेली होते.

मी पळाले. पानं तोंडाला कापत होती. मचाण कुठे आहे ते दिसत नव्हतं, नुसता आवाज होता, आणि तो आवाज भोंग्याचा असल्याने चारी दिशांनी येत होता. मी डाव्या हाताला पळाले तर साड्यांच्या पलीकडे निघाले. परत फिरले. मग वर पाहिलं तेव्हा शेंड्यांच्या वर सोलरची प्लेट चमकली.

हे मचाणाच्या खाली पडलेले होते. एक बल्ली मोडून बाजूला लोंबत होती. डोकं एका दगडावर होतं, त्या जुन्या भिंतींच्या दगडांपैकी एक. कानामागून रक्त आलं होतं. डोळे उघडे होते, पण माझ्याकडे बघत नव्हते. मी डोकं मांडीवर घेतलं. श्वास चालू होता. मी म्हटलं, "अहो." ओठ हलले नाहीत. आणि बरोबर त्याच वेळी आमच्या डोक्यावरून यांचा धडधाकट आवाज ओरडला, "कोन हाय रे? आलो, आलो!" मग मी हसले, लाजून, अंगणातल्यासारखी.

यांच्या खिशात फोन होता. मला लावता येतो, पण मी कधी लावत नाही. दिरांना लावला.

"भाऊजी, हे पडले. मचानावरून पडले. बोलत नाहीत."

"कोन, वयनी?" दीर म्हणाले. "बोलत नाही कसा? मले आयकू येऊन राह्यलं ना. दादा मांगून वरडून राह्यला."

"ते मशीन हाय."

"मशीन तं बंद हाय दोन दिवसांपासून." तेवढ्यात माझं हसू गेलं असेल फोनमध्ये. दीर हसायला लागले. "तुमीबी शिकल्या का वयनी मजाक करायले? दादाले सांगा, येतोच मी हुरडा खायले. आरामात येतो."

आयुष्यात मी कोणाशी मोठ्याने बोलले नव्हते. दीर फोन ठेवतील आणि आरामात निघतील, एवढंच डोक्यात होतं. मी यांचं डोकं यांच्याच गळ्यातल्या रुमालाची घडी करून त्यावर ठेवलं, मचाणाच्या खालच्या दांडीवर चढले आणि वरून लोंबणारी तार दोन्ही हातांनी ओढली. "कोन हा..." एवढं म्हणून तो आवाज थांबला.

मग मी फोनमध्ये ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. दीर नंतर सांगत होते की मी यांचं नाव घेतलं, एकदा नाही, पुष्कळदा. ते म्हणतात, "वयनीच्या तोंडून दादाचं नाव आयकलं अन् माह्या पायातली चप्पल गळली."

गावातली जीप घेऊन ते आले. चार माणसांनी यांना उचललं. निघताना मी यांच्या कानाशी म्हटलं, "चाल घरी." अहोजाहो करायचं भान नव्हतं. जीपमधून दिरांनी डॉक्टरांना फोन केला. डॉक्टर म्हणाले, झोपू देऊ नका, बोलत राहा. सगळे माझ्याकडे पाहायला लागले. मी बोलले. खामगावचा दवाखाना येईपर्यंत बोलत राहिले. लहानपणी विहिरीवर पाहिलेलं, आईने मारलेलं, भजे जास्त तिखट होते पण सांगितलं नाही ते, सगळं. अर्ध्या वाटेत यांच्या गळ्यातून बारीकसा आवाज आला. शब्द नव्हता. पण तो यांच्या अंगातून आला होता, मला मांडीला कळला.

हे वाचले. दवाखान्यातून घरी आले, हळूहळू चालायला लागले, आता गाडीही चालवतात. पण आवाज पहिल्यासारखा आला नाही. बारीक बोलतात, शब्द शोधून बोलतात. ओरडायला गेले की डोकं धरून बसतात. रस्ताभर आता थोडं मीच बोलते.

पुन्हा ज्वारी पेरायची म्हणाले तेव्हा मला वाटलं नव्हतं की सासूबाई हो म्हणतील. त्या म्हणाल्या, "पेर, पन ते कार्ड वावरात जायचं नाही." जुनं कार्ड त्यांनी देवघरात, हळदीकुंकवाच्या करंड्याखाली ठेवलं आहे. पुसायला कोणी तयार नाही. यांचा तो आवाज आता तेवढाच राहिला आहे, आणि तो वाजवायची कोणाची हिंमत होत नाही.

मग आवाज कोणाचा भरायचा? दिरांचा भरू म्हटलं तर यांनी नाही म्हणून मान हलवली. माझ्याकडे बोट केलं.

मी अंगणात उभी राहिले आणि ओरडले. पहिल्यांदा नीट आला नाही, परत भरला. सासूबाई आत निघून गेल्या.

आता संध्याकाळी मी चुलीपुढे भाकरी थापत असते तेव्हा रिठातून माझा आवाज येतो. मोठा, रागावलेला, कधी वाटतं माझा नाहीच. हे बाहेरच्या खोलीत बाजेवर पडलेले असतात. तिकडून आवाज आला की हे लगेच बाजेवर उठून बसतात, आणि बारीक आवाजात विचारतात, "घरातच हाय ना तू?"

"हाव," मी म्हणते. "इथंच आहो."

काल भाकरी करपू लागली म्हणून मला उत्तर द्यायला जरासा उशीर झाला. पाहते तर हे भिंत धरत धरत स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आलेले. माझ्या मनगटाला हात लावून पाहिला आणि तिथेच उंबऱ्यावर बसले. मी भाकरी उलटली आणि जेवण होईपर्यंत काही ना काही बोलत राहिले.