विहित म्हंजी किती दिवस?

लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा मी उमरीहून तिथल्या एका तालुक्याच्या कचेरीत कारकून म्हणून रुजू झालो. दुष्काळाचं साल होतं. गावोगावच्या विहिरींचे तळ दिसायला लागले होते. उरल्यासुरल्या पाण्यात औषध टाकलं की त्या गावाला सूचना लिहायचं काम माझ्याकडे होतं.

मी लिहिलं होतं, ‘सदर विहिरीचे निर्जंतुकीकरण करण्यात आले असून विहित कालावधीपर्यंत पाण्याचा वापर वर्ज्य समजण्यात यावा.’ हे वाक्य मला फार आवडलं होतं.

दहा दिवसांनी एक बाई तोच कागद घेऊन आली. प्रौढांच्या वर्गात ती नुकतीच वाचायला शिकली होती. तिनं माझ्यासमोर सगळं वाक्य न अडखळता वाचून दाखवलं आणि विचारलं, “दादा, विहित म्हंजी किती दिवस?”

मी म्हणालो, “एकच दिवस, मावशी.”

तिनं कागदाची घडी घातली. मग म्हणाली, “आमी आठ दिस झाले माळापल्याडून पाणी आणायलोत.”

ती रागावली असती तर बरं झालं असतं. मला मान वर करवेना.

आमचे अव्वल कारकून शेजारीच बसले होते. निजामाच्या काळात उर्दू शाळेत शिकलेले. कचेरीची मराठी त्यांना मोठेपणी शिकावी लागली होती. त्यांनी बाईंना खुर्ची दिली, चहा सांगितला आणि मला म्हणाले, “आता तोंडानं सांगितलंत ना, तेच लिहा.”

मी पुढच्या गावाच्या सूचनेत लिहिलं, ‘विहिरीत औषध टाकले आहे. उद्यापर्यंत पाणी पिऊ नका.’ वाचून दाखवल्यावर बाई म्हणाली, “उद्या म्हंजी कोणती उद्या? कागद गावात यायलाच दोन दिस लागतात. वार घाला.”

मी वार घातला. अव्वल कारकुनांनी त्यावर सही केली.

विहिरीचं पाणी आता प्यायला चालतं असं सांगितलं तरी गावातल्या बायका आपलं ऐकणार नाहीत असं तिला वाटत होतं, म्हणून दुपारच्या एसटीनं मीही तिच्याबरोबर गेलो. विहिरीवर उभा राहून सगळ्यांना सांगितलं, चूक माझी होती. कुणी वाईट बोललं नाही. एका म्हातारीनं घागर भरली आणि पहिला तांब्या मलाच दिला.

त्यानंतर नोकरी संपेपर्यंत प्रत्येक मसुदा मी शिपायाला किंवा समोर आलेल्या माणसाला वाचून दाखवला. साहेब लोक हसायचे. मला लिहायला शिकवलं ते त्या दोघांनी, एका सकाळी, आणि दोघांचेही आभार मानायचे राहूनच गेले.